एक पत्ता, चार यंत्रे : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याला आम्ही सावद्याच्या आमच्या केळी पॅकहाऊससाठी स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे ईमेलच्या पत्त्यात @ नंतर येणारे नाव, घेतले आणि त्यावर ईमेलचा पत्ता सुरू केला. त्याआधीचा सारा पत्रव्यवहार माझ्या वैयक्तिक जीमेलवरून आणि आबांच्या त्याहून जुन्या खात्यावरून चालत असे. आता आषाढ लागला, म्हणजे नऊ महिने झाले. शेडवरचा संगणक, माझा लॅपटॉप, माझा फोन आणि हिशेब पाहणाऱ्या वहिनींचा फोन अशा चार यंत्रांवर हा एकच पत्ता चालवताना जो त्रास झाला आणि जे हाती लागले, ते सविस्तर लिहीत आहे. रावेर-यावल पट्ट्यात थेट परदेशी माल पाठवणारे शेतकरी वाढत आहेत, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची सुरुवात आमच्यासारखीच होते : डोमेन घ्यायचे, कोणाला तरी बोलावून सगळीकडे मेल जोडून घ्यायचा आणि कामाला लागायचे. माझा मुख्य आक्षेप याच पद्धतीवर आहे. कोणत्या कामासाठी कोणता पत्ता आणि तो कोणत्या यंत्रावर कसा जोडायचा, हे ठरवण्याआधीच आपण हाताला येईल ते खाते हाताला येईल त्या यंत्रात घालतो, आणि मग महिनोन्महिने नेटला दोष देत बसतो.

आम्हीही पहिले दोन महिने नेटलाच दोष दिला. मेल कधी फोनवर दिसायचा, कधी दिसायचा नाही. शेडवर ब्रॉडबँड आहे, पण मळ्यात रेंज जेमतेम असते, त्यामुळे हे रेंजचेच दुखणे असणार असे आम्ही गृहीत धरले होते. मार्गशीर्षात चुलतबहिणीच्या लग्नासाठी आम्ही सगळे नाशिकला गेलो होतो. त्याच दिवशी न्हावाशेव्याच्या क्लिअरिंग एजंटकडून एका कंटेनरच्या बी.एल.चा (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) कच्चा मसुदा यायचा होता. त्यातले माल घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि खोक्यांची संख्या तपासून संध्याकाळच्या आत होकार कळवला नाही, तर पुढे दुरुस्तीचा खर्च आणि कागद अडकण्याची भीती असते. दुपारी दोनपर्यंत माझ्या फोनवर काहीच आले नव्हते. एजंटला फोन केला, तर तो आमच्याच भागातला असल्याने सरळ म्हणाला, "अरे भो, मेल तं कवाचाच टाकेल हाये, अकरा वाजता!" मी शेडवर फोन लावला. तिथल्या मुलाने सांगितले की लाइट बाराच्या सुमारास गेली, इन्व्हर्टरही बसला आणि संगणक बंद आहे. नाइलाजाने मी एजंटला तोच मेल पुन्हा पाठवायला सांगितले, आणि तो थोड्याच वेळात माझ्या फोनवर येऊन पडला.

पहिला मेल आला नाही, दुसरा आला, आणि या दोहोंमध्ये एकच फरक होता : शेडवरची लाइट गेली होती. घरी परतल्यावर मी गेल्या दोन महिन्यांतले असे प्रसंग आठवून कागदावर मांडले. रविवारी, म्हणजे शेड बंद असताना, मेल फोनवर व्यवस्थित येत होते. दिवसभर लाइट नसलेल्या दिवशीही येत होते. संगणक सुरू असला की मात्र गायब होत होते. म्हणजे नेटचा काही संबंध नव्हता. संगणक मेल उचलून नेत होता आणि मागे काही ठेवत नव्हता.

कारण सेटिंग उघडल्यावर मिनिटभरात सापडले. शेडच्या संगणकावर खाते पॉप पद्धतीने जोडले होते, आणि दोन्ही फोनांवर आयमॅप पद्धतीने. पॉपची आज प्रचलित असलेली आवृत्ती १९९६ मध्ये प्रमाण झाली. एक माणूस, एक संगणक आणि तासावर पैसे मोजून वापरायचे इंटरनेट अशा काळाला ती योग्य होती : सर्व्हरशी, म्हणजे टपाल जिथे येऊन पडते त्या दूरच्या संगणकाशी, जोडणी करायची, टपाल उतरवून घ्यायचे, तिथली प्रत पुसायची आणि जोडणी तोडायची. आयमॅपची मांडणी वेगळी आहे. मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ मध्ये स्टॅनफर्डला केली, म्हणजे आपल्याकडे घराघरांत संगणक येण्याच्या कितीतरी आधी. तिच्यात टपाल सर्व्हरवरच राहते आणि प्रत्येक यंत्र म्हणजे त्याच टपालाकडे उघडणारी एक खिडकी असते. आमचा संगणक दर दहा मिनिटांनी सर्व्हरकडे जाऊन नवे मेल उचलत होता आणि पुसत होता, तर माझा फोन दर ३० मिनिटांनी तपासत होता. या शर्यतीत फोन जिंकण्याची शक्यता फारच थोडी होती. ज्या मुलाने जोडणी करून दिली त्याने जुन्या खात्याचीच सेटिंग नव्या खात्याला लावली होती. त्यात 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही एक खूण करायची राहिली, एवढेच घडले. पण त्या एका खुणेपायी आमच्या हातून दोन खरेदीदारांच्या चौकशा निसटल्या, याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या दोघांनाही वाटले असणार की आम्ही उत्तर देण्याचीही तसदी घेतली नाही.

सगळी यंत्रे आयमॅपवर आणल्यावर येणारे मेल ताळ्यावर आले, पण पाठवलेले मेल मात्र विस्कळीतच राहिले. मी लॅपटॉपवरून दिलेले दरपत्रक वहिनींना फोनवर दिसत नव्हते, म्हणून एका खरेदीदाराला आमच्याकडून दोन दिवसांत दोन वेगळे दर गेले. हे समजायला मला वेळ लागला, कारण मेल पाठवणे आणि पाठवलेल्याची प्रत जपून ठेवणे ही मुळात दोन वेगळी कामे आहेत, हे कोणी सांगत नाही. पाठवण्याचे काम एसएमटीपी करते आणि प्रत ठेवण्याचे काम आपल्या यंत्रातला मेलचा प्रोग्राम आयमॅपमार्फत करतो. तो कोणत्या फोल्डरमध्ये ठेवतो हे त्याच्यावर असते. आमच्या सर्व्हरवर 'सेंट', 'सेंट आयटम्स' आणि 'सेंट मेसेजेस' असे तीन फोल्डर तयार झाले होते, आणि एका फोनवरची प्रत तर सर्व्हरवर न जाता फोनमध्येच राहत होती. कोणता फोल्डर पाठवलेल्यांचा आणि कोणता कचऱ्याचा, हे सर्व्हरनेच प्रोग्रामला सांगावे अशी सोय २०११ पासून प्रमाणित आहे, पण दोन्ही बाजूंनी ती पाळली तरच उपयोग. मी चारही यंत्रांवर हाताने एकच फोल्डर निवडला, बाकीच्या दोन फोल्डरांतले मेल त्यात हलवले आणि ते फोल्डर काढून टाकले. एका संध्याकाळचे काम होते, आणि नऊ महिन्यांत केलेल्या सगळ्या दुरुस्त्यांमध्ये याचा उपयोग मला सर्वांत जास्त झाला.

पत्त्यांचा गोंधळ याहून चिवट निघाला. माझ्या फोनमध्ये वैयक्तिक जीमेल आणि पॅकहाऊसचे खाते एकाच ॲपमध्ये आहेत. आलेल्या मेलला उत्तर देताना ॲप योग्य पत्ता निवडते, पण नवा मेल लिहायला घेतला की मूळ ठरवलेले खाते पुढे येते, आणि माझ्या फोनवर ते वैयक्तिक होते. पहिल्या महिन्यात मी असे कितीतरी मेल चुकीच्या पत्त्यावरून पाठवले. समोरच्याच्या संगणकाने तो पत्ता लक्षात ठेवला, आणि आता त्यांनी माझ्या नावाची पहिली दोन अक्षरे लिहिली की तोच पत्ता समोर येतो. पत्ता बदलल्याचे मी तीनदा कळवले, तरी दुबईच्या एका व्यापाऱ्याचे हिशेब अजून माझ्या वैयक्तिक खात्यावरच येतात. मूळ खाते कोणते हे पहिल्याच दिवशी तपासा, एवढेच कळकळीने सांगतो. एकदा चुकीचा पत्ता दहा ठिकाणी पोहोचला की तो परत बोलावता येत नाही.

याच्याच जोडीला टिंबांचा घोळ झाला. जीमेलच्या वैयक्तिक पत्त्यात नाव आणि आडनाव यांच्यामध्ये टिंब दिले काय, न दिले काय, मेल त्याच खात्यात येतो. त्यामुळे आबांच्या जुन्या कार्डावर टिंब होते आणि माझ्या कार्डावर नव्हते, तरी कधी अडले नाही. स्वतःच्या डोमेनवर ही मुभा आपोआप मिळत नाही. तिथे टिंबासह आणि टिंबाविना हे दोन वेगळे पत्ते ठरू शकतात, आणि आमच्याकडे ते ठरले. खोक्यांच्या कारखान्याची बिले पंधरा दिवस परत जात होती. मी त्यावर टिंबाचा पत्ता पर्यायी म्हणून त्याच टपालपेटीला जोडून घेतला. आता हिशेबासाठी एक, कागदपत्रांसाठी एक आणि चौकशीसाठी एक असे तीन पर्यायी पत्ते आहेत, पण पेटी एकच आणि पासवर्डही एकच. कोणत्याही नावाने आलेला मेल स्वीकारण्याची सरसकट सोयही असते. ती आम्ही आठवडाभर चालू ठेवली आणि निरुपयोगी मेलांचा पूर आल्यावर बंद केली.

आबांच्या जुन्या खात्याचे सांगितले पाहिजे, कारण तिथे प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. आयकराच्या पोर्टलवर त्यांचा नोंदवलेला ईमेल तोच आहे. संपर्काचा तपशील बदलायचा तर मोबाइलवर आणि ईमेलवर वेगवेगळे ओटीपी येतात, आणि त्यांची मुदत १५ मिनिटांची असते. आबांचे ते खाते वहिनींच्या फोनवर दर ३० मिनिटांनी तपासण्यावर लावलेले होते. दोन आकडे शेजारी ठेवले की अडचण उघड आहे, पण त्या दोघांनी पाऊण तास घालवला आणि आपल्याच हातून काही चुकते आहे असे आबांना वाटू लागले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असे वाटावे याचे मला फार लागले. यादी बोटाने खाली ओढली की मेल लगेच तपासला जातो, हे त्यांना मी आधीच दाखवायला हवे होते. कायमचा उपाय म्हणजे मेल आला की सर्व्हरनेच फोनला कळवण्याची सोय सुरू करणे. आयमॅपमध्ये ती १९९७ पासून आहे, पण त्यासाठी फोनने सर्व्हरशी जोडणी सतत उघडी ठेवावी लागते, आणि बॅटरी वाचवणारी फोनची व्यवस्था नेमकी अशीच जोडणी तोडते. मेलच्या ॲपला त्या बंधनातून वगळल्यावर वहिनींच्या फोनवर मेल मिनिटाच्या आत येऊ लागले. बॅटरीत जाणवण्याइतका फरक मला दिसला नाही.

उन्हाळ्यात एक वेगळीच अडचण आली. लॅपटॉप शेडवर नेला की मेल मधूनच बंद पडायचा आणि जोडण्या जास्त झाल्याचा संदेश यायचा. डोव्हकॉट हा सर्व्हरचा प्रोग्राम बऱ्याच ठिकाणी असतो, आणि त्यात एका इंटरनेट पत्त्यावरून एका खात्याला मुळात १० जोडण्यांची मर्यादा असते. आमच्या संगणकावरचा आणि लॅपटॉपवरचा मेलचा प्रोग्राम, थंडरबर्ड, एका खात्यासाठी मुळात ५ जोडण्या वापरू शकतो, आणि शेडच्या ब्रॉडबँडवरची सारी यंत्रे सर्व्हरला एकाच इंटरनेट पत्त्यावरची दिसतात. संगणक आणि लॅपटॉप मिळून दहा झाल्या, आणि त्याच वायफायवरचे दोन फोन बाहेर राहिले. यात कोणाचीच चूक नाही. मी दोन्हीकडे तो आकडा २ केला, आणि पुन्हा तो संदेश आला नाही. पासवर्ड बदलतानाही असेच भान ठेवावे लागते : बाकीची यंत्रे जुन्या पासवर्डने पुन्हा पुन्हा दार ठोठावतात आणि सर्व्हर साऱ्या शेडलाच काही काळ बाहेर ठेवतो. आधी सगळीकडचा मेल बंद करावा, मग पासवर्ड बदलावा.

जूनच्या वादळात शेजारच्या मळ्यातली बाग आडवी झाली. नुकसानीचे फोटो पाठवायला त्यांनी माझी मदत घेतली. मी माझ्या फोनवरून जवळपास २० एमबीचे फोटो जोडले आणि मेल गेला असे समजून निघालो. मेलमध्ये जोडलेली फाइल अक्षरांत रूपांतरित होऊन जाते आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, त्यामुळे २५ एमबीची मर्यादा ओलांडली गेली आणि मेल आउटबॉक्समध्येच थांबला. आउटबॉक्स हा त्या त्या यंत्राचा स्वतःचा असतो. तो सर्व्हरवर जात नाही, म्हणून लॅपटॉपवर मला काही दिसले नाही. रात्री फोन हातात घेतल्यावर कळले, आणि फोटो दोन मेलांत विभागून लगेच पाठवले. मुदत हातात होती, म्हणून निभावले.

संपर्कांच्या यादीबद्दल थोडक्यात सांगतो : आयमॅप फक्त मेल वाहून नेते. नावे, नंबर आणि कॅलेंडर त्याच्याबरोबर येत नाहीत. त्यांची जोडणी वेगळी करावी लागते, आणि आम्ही ती अजून नीट केलेली नाही.

आज चारही यंत्रे एकच चित्र दाखवतात, आणि सकाळी फोनवर वाचलेला मेल शेडवरही वाचलेलाच दिसतो. शेडच्या संगणकावर मात्र पॉपने उतरवलेले जुने मेल अजून पडून आहेत, आणि त्यांची प्रत दुसरीकडे कुठेही नाही. ते मी वर्षावर्षाने निवडून सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ओढतो आहे. हे काम रात्री जेवणानंतर करतो, कारण तेव्हा ब्रॉडबँड मोकळे असते. मध्येच लाइट गेली तर अर्धवट गेलेले मेल दोनदा होतात, म्हणून एका वेळी दोनशेच्या वर घेत नाही आणि हलवण्याऐवजी आधी प्रत करतो. २०२१ पर्यंत पोहोचलो आहे. त्याआधीची तीन वर्षे उरली आहेत, आणि आबांनी दुबईला पाठवलेल्या पहिल्या कंटेनरचा पत्रव्यवहार त्यातच आहे.