‘सर्व्हे’ पॅकेज: आधी नमुन्याची रचना सांगा, मग टक्केवारी मागा

विदर्भातल्या खेड्यांच्या सर्वेक्षणावर काम करणाऱ्यांनी ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणक-भाषेतलं ‘सर्व्हे’ पॅकेज जरूर वापरावं. थॉमस लुम्ली यांचं हे पॅकेज मोफत आहे. एसपीएसएस या दुसऱ्या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये याच कामासाठी ‘कॉम्प्लेक्स सॅम्पल्स’ हा जादा भाग लागतो. तिथे नुसतं ‘वेट केसेस’ (प्रत्येक नोंदीला भारांक, म्हणजे वजन देणं) लावलं तर टक्केवारी बरोबर येते, प्रमाण त्रुटी (अंदाज किती वर-खाली होऊ शकतो याचं माप) मात्र चुकते.

का चुकते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) मध्ये ग्रामीण भागात आधी गावं निवडली, मग प्रत्येक निवडलेल्या गावातून २२ घरं. मेळघाटातल्या गावात सगळे एकाच हातपंपावर पाणी भरत असतील, तर पाण्याच्या प्रश्नाला २२ घरांचं उत्तर एकच. समजा ३० गावांतली ६६० घरं आहेत आणि गावांतर्गत सहसंबंध (एका गावातली उत्तरं किती सारखी, याचं माप) फक्त ०.१ आहे. डिझाइन परिणाम, म्हणजे अशा नमुन्यामुळे त्रुटीचा वर्ग किती पट वाढतो तो आकडा: १ + (२२ − १) × ०.१ = ३.१. म्हणजे ६६० घरांची माहिती साध्या यादृच्छिक नमुन्यातल्या सुमारे २१३ घरांइतकीच! हे न धरता काढलेला ‘लक्षणीय’ फरक बऱ्याचदा फरकच नसतो.

याच सर्वेक्षणातल्या महिलांच्या फाइलसाठी नमुन्याची रचना सांगणाऱ्या ‘एसव्हीवायडिझाइन’ या फंक्शनला फाइलमधले तीन रकाने द्या: समूह (निवडलेलं गाव) व्ही०२१, स्तर (निवडीआधी पाडलेले गट) व्ही०२२, भारांक व्ही००५. भारांकाला १०,००,००० ने भागा. घरगुती हिंसाचाराच्या प्रश्नांना डी००५ हा वेगळा भारांक आहे, कारण तिथे घरातली एकच स्त्री निवडतात. हे फार जण विसरतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डिझाइन बांधण्याआधीच डेटा गाळणं. १५-१९ वयाच्या मुली हव्या असतील तर आधी डिझाइन, मग त्यावर ‘सबसेट’. नाहीतर ज्या गावात अशी मुलगी सापडली नाही ते गाव हिशेबातूनच जातं आणि त्रुटी चुकीची निघते. गडचिरोली किंवा वाशीम असा अख्खा जिल्हा उचलताना ही अडचण नाही, कारण स्तर जिल्ह्याच्या आतच पाडलेले आहेत.

स्तरात एकच गाव उरलं की पॅकेज अडून बसतं. तेव्हा ‘लोनली पीएसयू’ (स्तरातला एकटा समूह) या सेटिंगला ‘अ‍ॅडजस्ट’ ठेवा. त्रुटी थोडी जास्त येईल, पण चालेल. दोन-तीन टक्क्यांच्या प्रमाणांना ‘एसव्हीवायसीआयप्रॉप’ हे फंक्शन वापरा, सरासरी काढणाऱ्या ‘एसव्हीवायमीन’चा विश्वासांतर (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो) शून्याखालीही जातो.

उणीव एकच जाणवते: ७,२४,११५ महिलांची पूर्ण फाइल जुन्या लॅपटॉपला झेपत नाही. फाइल वाचणाऱ्या ‘हेवन’ या ‘आर’मधल्या पॅकेजने लागतील तेवढेच रकाने वाचा.