खोक्यावर १८० वॅट, मीटरवर ८४

गाडीच्या पुढे बसवायच्या जास्तीच्या सात इंची गोल एलईडी दिव्यांची जोडी, सोबत हार्नेस (तयार वायरिंग), रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि स्विच, असा हा सेट. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल वेगवेगळ्या खोक्यांत वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. माझी गाडी जुनी डिझेल फोर-बाय-फोर, अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर, ६५ अँपिअरचा. दिव्यांना मी पाचपैकी साडेतीन देईन. हार्नेसला एक, आणि तोही रिले बरा निघाला म्हणून.

उजेडाबद्दल सगळेच लिहितात, म्हणून आधी विजेचा हिशेब. अल्टरनेटरवर ६५ लिहिलेलं असतं ते तो जोरात फिरत असतानाचं. इंजिन आयडलिंगला (गाडी उभी, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही) असेल आणि अल्टरनेटर तापलेला असेल तर निम्म्याच्या आसपास मिळतात. माझ्या गाडीत क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) मोजले तर सगळं चालू असताना जेमतेम ३२ अँपिअर येत होते. आता खर्च: हेडलाइटचा अप्पर (लांबचा झोत) आणि मागचे दिवे ११, ब्लोअर पूर्ण वेगावर १२, किरकोळ २. म्हणजे २५ आधीच गेले. जास्तीचे दिवे लागतात तरी कधी? दगडांतून लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरचा सर्वांत हळू चालणारा गिअर) रांगताना, म्हणजे इंजिन सर्वांत हळू फिरत असतं नेमकं तेव्हा. ६५ मधून २५ वजा करून ‘४० शिल्लक’ म्हणणारा माणूस हायवेचा हिशेब डोंगरात लावत असतो.

याआधी १०० वॅटचे दोन हॅलोजन होते. ते एकटेच १५ अँपिअर ओढायचे. आयडलिंगला ते लावले की बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट दिसायचे आणि आकडा सावकाश उतरतच राहायचा. याचा सरळ अर्थ, दिवे अल्टरनेटरवर नाही, बॅटरीतल्या साठ्यावर जळत होते. दादाचं ठरलेलं उत्तर: “अगं, मोठा अल्टरनेटर टाक आणि मोकळी हो.” टाकायला हरकत नाही, पण घेताना त्याचा आयडलिंगचा आकडा विचारायचा. मोठ्या आकड्याचे काही अल्टरनेटर कमी फेऱ्यांवर जुन्याइतकंच देतात. दुसरी बॅटरी बसवणं हाही यावरचा इलाज नाही, टाकी मोठी केली म्हणून नळाची धार वाढत नाही.

खोक्यावर या जोडीचे १८० वॅट छापलेत. मीटरवर १३.६ व्होल्टला ६.२ अँपिअर, म्हणजे ८४ वॅट. फसवणूक म्हणा हवं तर, पण माझ्या पथ्यावर पडली. स्वस्त दिव्यांत आतल्या चिप्सची कमाल क्षमता बेरीज करून छापायची रीतच आहे. खरेदी करताना म्हणूनच वॅट नव्हे, प्रत्यक्ष ओढले जाणारे अँपिअर विचारा. दुकानदाराला सांगता आले नाहीत तर मीटर घेऊन जा. आयडलिंगला हेडलाइट आणि ब्लोअरसकट हे दिवे लावले तर १३.५ व्होल्ट टिकतात. वायपरही लावला की १२.८ वर येतं. तेव्हा ब्लोअर एक घर खाली आणायचा किंवा हँड थ्रॉटल (हाताने ओढायचा अ‍ॅक्सिलरेटर) थोडा ओढून इंजिनच्या फेऱ्या १२०० पर्यंत न्यायच्या, आकडा परत वर चढतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. हॅलोजन व्होल्टेज पडलं की मंदावतो. ५ टक्के घट झाली तर उजेड साधारण १५ टक्के जातो. या एलईडीतला ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, उजेड कायम ठेवतो आणि त्यासाठी जास्त करंट ओढतो. १२ व्होल्टला माझी जोडी ७ अँपिअरपर्यंत गेली. म्हणजे बॅटरी दमत चालली तरी दिवे काहीच सुचवत नाहीत. डॅशबोर्डवर छोटा व्होल्टमीटर हवाच.

आता हार्नेस. वायर बाहेरून जाडजूड, कापली तर आत तांब्याचे चार केस. आणि या वायरीवर ३० अँपिअरचा फ्यूज! फ्यूज दिव्याला नाही, वायरीला वाचवायला असतो. ही वायर कुठे घासून बॉडीला लागली, तर फ्यूज उडायच्या आधी आवरण पेटेल. तो फ्यूज बॅटरीपासून हातभर लांब होता, म्हणजे मधल्या वायरीला काहीच संरक्षण नाही. मी सगळं काढून २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली, १० अँपिअरचा फ्यूज टाकला आणि तो बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात आणला. रिले सेटमधलाच ठेवला, त्याच्या पिनांवरच्या आकड्यांप्रमाणे: ३० ला बॅटरी, ८७ ला दिवे, ८६ ला स्विच, ८५ ला अर्थ.

सेटचा स्विच थेट बॅटरीवरून चालतो, म्हणजे किल्ली काढली तरी दिवे सुरू राहू शकतात. स्विचला जाणारी वीज मी अप्परच्या वायरीवरून घेतली. समोरून गाडी आली आणि डिपर मारला की जास्तीचे दिवेही विझतात. रिलेच्या कॉइलला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, त्यामुळे मूळ वायरिंगवर भार पडत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे अर्थ थेट त्या टोकाला जोडू नका, चॅसिसला द्या. नाहीतर हा खर्च सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो.

उजेड चांगला आहे. मधला झोत लांब जातो, कडेची झाडीही दिसते. धुळीत मात्र हा निळसर पांढरा प्रकाश भिंतीसारखा परत डोळ्यांवर येतो. पिवळी कव्हरं लावल्यावर बरंच सुसह्य झालं. ब्रॅकेट एकाच बोल्टवर उभा आहे, खडबडीत रस्त्यावर झोत थरथरतो. वरून एक आधारपट्टी दिली तेव्हा थांबला. काचेच्या आत अजून वाफ धरलेली नाही.

इंजिन बंद करून तळावर उजेडासाठी हे लावणाऱ्यांनी एवढं बघावं: ७० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून तासाला ६-७ जातात. निम्मीच बॅटरी वापरायची धरली तर कागदावर पाचेक तास निघतात, पण थंडीत डिझेल इंजिन फिरवायला स्टार्टर किती मागतो ते आठवून तासाभरात बंद करावेत.

राहिली एक तक्रार. दिवे लावले की वायरलेस सेटवर खरखर येते. दोन्ही दिव्यांच्या वायरींवर फेराइटचे मणी (खरखर शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या कड्या) चढवले तर निम्मी गेली. रेडिओवर संपर्क ठेवणाऱ्यांनी हे दिवे घेऊ नयेत.