विंडोजचं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन : डाळ मिलच्या नेटवर्कवर काही महिने वापरल्यावर

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचे वीसेक कॉम्प्युटर मी सांभाळतो. विंडोजचे महिन्याचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी सुटतात, तेव्हा आपल्याकडे रात्र असते. बुधवारी सकाळी सगळे पीसी एकदम चालू झाले की तीच फाइल प्रत्येक जण बाहेरून ओढणार, ई-वे बिल लटकणार, गेटवर गाड्यांची रांग. वजनकाट्यावरून फोन ठरलेला, "भाऊ, नेट काबर चालत नही?"

अपडेट वाटायला वेगळा सर्व्हर घ्यायला मालक तयार नव्हते, म्हणून विंडोजमध्येच असलेलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन हे फुकटचं साधन हाती घेतलं. एका पीसीने उतरवलेले तुकडे बाकीचे त्याच्याकडून घेतात. प्रो आवृत्तीत लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्या आतल्या नेटवर्कवर, वाटून घेणारा मोड 1 आधीपासूनच चालू असतो. तरी आमच्याकडे अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला (सेटिंग्जमधल्या या पानावर कुठून किती उतरलं ते दिसतं) लोकल नेटवर्कचा आकडा शून्याजवळच घुटमळत होता.

कारण गमतीशीर निघालं. मोड 1 मध्ये सोबती कोण, म्हणजे कुठले पीसी एकमेकांना तुकडे देणार, हे पब्लिक आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्यावरून ठरतं. आमच्या राउटरला दोन ब्रॉडबँड लाइनी, वर लोड बॅलन्सिंग, म्हणजे कुणी या लाइनीवरून बाहेर जाणार, कुणी त्या. त्यामुळे शेजारच्या टेबलांवरचे दोन पीसीही एकमेकांना परके! ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायची जागा) मोड 2 लावला, म्हणजे सोबती ग्रुपवरून ठरणार, सगळ्यांना एकच ग्रुप आयडी दिला, फायरवॉलमध्ये पीसींना आपसात बोलायला लागणारा टीसीपी 7680 पोर्ट उघडला. पुढच्या महिन्यात निम्म्याहून जास्त डाउनलोड आतल्या आतच झालं. दोंडाईच्याच्या खरेदी केंद्राला मुद्दाम वेगळा आयडी दिलाय, नाहीतर ते दोन्ही ठिकाणं जोडणाऱ्या व्हीपीएनवरून इथून ओढत बसले असते.

वजनकाट्याचा पीसी 4 जीबी रॅमचा, हार्ड डिस्क म्हातारी. बाकीचे त्याच्याकडून तुकडे मागायला लागले की काट्याचं सॉफ्टवेअर अडखळायचं. वाटपात भाग घ्यायला किमान रॅमची अट मुळात 4 जीबी असते, ती 6 केली. आता तो एकटाच थेट नेटवरून घेतो. कॅश, म्हणजे वाटपासाठी साठवलेले तुकडे, मुळात 3 दिवस टिकते, मी 10 केली. हा आकडा सेकंदांत भरायचा असतो, म्हणजे 8,64,000. असं कुणी ठरवलं देव जाणे.

नेट बंद असेल तर वाटपही बंद, कारण सोबती शोधायला बाहेरची सेवा लागते. टॅलीचे अपडेट यातून येत नाहीत, मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे येतात. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नाही, त्यामुळे मालकांचे दोन लॅपटॉप ग्रुपबाहेरच राहिलेत. एकच लाइन आणि सगळीकडे प्रो असेल, तर बहुधा कशालाही हात लावावा लागणार नाही. आधी अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर तेवढा उघडून बघा.