जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल : ठाण्यातल्या आमच्या गटाचा काही महिन्यांचा अनुभव

ज्यांच्या गटात दर वेळी तेच सगळे खेळाडू जमत नाहीत, त्यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, टेबलाभोवती बसून फासे टाकत एकत्र गोष्ट रचण्याच्या खेळाचं हे पुस्तक जरूर घ्यावं. कुणाची परीक्षा, कुणाची शिफ्ट, कुणाकडे पाहुणे, यातून वाट काढत बसणाऱ्या आमच्यासारख्या गटाला याच्याइतकं उपयोगी पडलेलं दुसरं पुस्तक नाही. मात्र वर्षभर चालणारी एकच मोठी गोष्ट हवी असेल, तर इथे ती मिळणार नाही.

हे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीसाठीचं २०२२ सालचं पुस्तक. २२४ पानं, तेरा स्वतंत्र साहसं (म्हणजे खेळायच्या तयार कथा), पहिल्या लेव्हलपासून चौदाव्यापर्यंत; लेव्हल म्हणजे खेळाडूच्या पात्राच्या ताकदीची पायरी. सगळे लेखक कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिन अमेरिकी अशा वेगवेगळ्या मुळांचे, आणि प्रत्येकाने आपल्या संस्कृतीतून सुचलेला प्रदेश उभा केलाय. युरोपी किल्ले आणि सरायांच्या पलीकडचं काहीतरी मी कधीपासून शोधत होते. इथे ते मिळालं, आणि वरवरची रंगरंगोटी म्हणून नाही. माणसं काय खातात, कुणाला मानतात, कशावरून भांडतात, इथवर ते पोचलेलं आहे.

आम्ही बसतो मानपाड्याला, माझ्या घरी. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि खेळ चालवणारी, मीच. गटात माझी दहावीतली भाची, कळव्याहून येणारा तिचा दादा, माझ्या ऑफिसातल्या दोघी आणि आमच्या मजल्यावरचे एक निवृत्त काका. काकांनी याआधी फाशांचा खेळ म्हणून सापशिडी आणि ल्युडोच खेळलेलं. नियम इंग्रजीत, बोलणं सगळं मराठीत. फाशांचा आवाज खालच्या मजल्यावर जाऊ नये म्हणून ताटात नॅपकिन अंथरून त्यात टाकतो.

पहिलं साहस ‘सॉल्टेड लेगसी’. नव्या माणसाला या खेळात आणायचं असेल तर मी आता दुसरं काही शोधणार नाही. एक रात्रीचा बाजार, त्यात नूडल्सवाल्यांचं आणि मसालेवाल्यांचं अशी दोन घराणी, एकमेकांवर चोरीचा आणि नासधुशीचा संशय. खेळाडूंनी बाजारातल्या लोकांचा विश्वास मिळवायचा, त्यांच्या खेळांत भाग घ्यायचा आणि खरा प्रकार शोधून काढायचा. (तो काय आहे ते सांगत नाही.) तलवार उपसायची वेळ फारच कमी येते. काकांचं लहानपण वडिलांच्या जांभळी नाक्यावरच्या दुकानात गेलेलं. पहिला अर्धा तास ते गप्प बसून सगळ्यांचं ऐकत होते. मग नूडल्सवाल्या बाईंना त्यांनी सरळ विचारलं, “ताई, भांडण व्हायच्या आधी तुमचा मसाला कुणाकडून यायचा?” याचं उत्तर पुस्तकात नाही. पण दोन्ही घराण्यांचे स्वभाव आणि त्यांची धुसफूस इतकी नेमकी लिहिलेली आहे, की मला उत्तर द्यायला क्षणभरही थांबावं लागलं नाही. “त्यांच्याकडूनच,” मी बाईंच्या आवाजात म्हटलं, आणि सगळं टेबल पुढे सरकून बसलं. भाची म्हणाली, “मावशी, मला आत्ताच्या आत्ता त्या मसालेवाल्यांकडे जायचंय.” डीएमला पुस्तकाकडून याहून जास्त काय हवं असतं!

दुसरं मनापासून आवडलेलं म्हणजे ‘इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा’, मिमी मंडल यांनी लिहिलेलं. प्रदेशाचं नाव शंखभूमी, वळण बंगालचं, सगळीकडे नद्या आणि पाणी. सागोरपूरला स्पर्धा भरतात आणि पाण्याची प्रचंड लाट स्पर्धकांना ओढून नेते, तिथून कथा सुरू होते. या कथेत नदीला स्वतःचं मन आहे, तिच्याशी बोलावं लागतं, तिची बाजू समजून घ्यावी लागते. साहस नवव्या लेव्हलचं आहे. तिथवर पोचायची वाट न बघता आम्ही त्या लेव्हलची कॅरेक्टर्स (खेळाडूंची पात्रं) आधी तयार करून ते सुटंच खेळलो, आणि काही बिघडलं नाही. रोज खाडी ओलांडून ये-जा करणाऱ्या भाचीच्या दादाने पहिल्याच वळणावर विचारलं, “मावशी, ओहोटी कधी लागणार?” पुस्तकात भरती-ओहोटीचं वेळापत्रक नाही. मी तिथेच ठरवून टाकलं की पाणी उतरेपर्यंतच पुढची वाट उघडी राहील. त्यानंतर प्रत्येक निर्णयाला घाई आली. कथेला हे इतकं शोभून दिसलं की पुन्हा चालवताना मी तसंच करणार आहे.

प्रत्येक साहसाच्या शेवटी त्या प्रदेशाची माहिती दिलेली आहे : महत्त्वाच्या जागा, दंतकथा, तिथल्या कॅरेक्टरसाठी नावं, पुढे काय घडू शकेल त्याच्या कल्पना. साहस संपल्यावर बरेच जण ही पानं उलटून पुढे जातात. तसं करू नका. माझ्या मते पुस्तकातला सर्वांत टिकाऊ माल तोच आहे.

‘रिटन इन ब्लड’ भयकथा आहे आणि चांगली भयकथा आहे. कोवळ्या वयाची मुलं टेबलावर असतील तर आधी वाचून घ्या. सरपटणाऱ्या हातांचं वर्णन मी भाचीसाठी बरंच सौम्य केलं. ‘द फीन्ड ऑफ हॉलो माइन’ ठीक.

आता तक्रारी. ज्याच्या नावाने पुस्तक आहे ते रेडियंट सिटाडेल शहरच यात सर्वांत अपुरं आहे. कल्पना विलक्षण आहे : एका अवाढव्य हिऱ्याभोवती वेटोळं घालून पडलेला प्रचंड जीवाश्म, त्यात कोरलेलं शहर, आणि तिथून रत्नांमध्ये बसून आपापल्या मूळ देशांना जायचं. शहर वसवणाऱ्या सत्तावीस संस्कृतींपैकी बारांचा संपर्क तुटलेला आहे, एवढं एक सूत्र वर्षभराच्या खेळाला पुरलं असतं. पण सुरुवातीचं प्रकरण संपलं की शहर मागे पडतं आणि साहसांना एकमेकांशी देणंघेणं उरत नाही. माझे खेळाडू दोन मोहिमांच्या मधे शहरात परतायचे आणि विचारायचे, आता इथे काय करायचं? पुस्तक गप्प.

यावर मला उपाय सापडला तो ‘झनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’ या २०१७ सालच्या पुस्तकात. मधल्या काळात कॅरेक्टर काय करतात, म्हणजे नोकरी, जुगार, संशोधन, वस्तू बनवणं, जादूची वस्तू विकणं, याचे नियम त्यात आहेत. शिवाय प्रत्येक खेळाडूमागे एखादा प्रतिस्पर्धी लावून देण्याची सोय आहे. काकांच्या कॅरेक्टरच्या मागे मी शहरातला एक सावकार लावला, आणि आता आमच्या गटाला साहसाइतकीच त्या सावकाराची उत्सुकता असते. पहिलं साहस पहिल्या लेव्हलचं आणि त्यानंतरचं थेट तिसऱ्या लेव्हलचं आहे, तेव्हा मधली लेव्हल भरायलाही हेच कामी आलं.

दुसरी तक्रार कथांच्या वाटेची. बऱ्याच साहसांत प्रसंग एकामागून एक ठरलेल्या क्रमाने यायचे असतात. हुशार खेळाडू मधला टप्पा गाळतात, आणि तेव्हा काय करायचं याचं मार्गदर्शन तोकडं आहे. लढाया पाच जणांच्या गटाला सोप्या जातात, मी शत्रूंची संख्या वाढवते. आमच्याकडे बोलून प्रश्न सोडवणारे जास्त, म्हणून हे खपून गेलं. पण ज्यांना दर रविवारी कडाक्याची लढाई हवी, त्यांना हे पुस्तक मिळमिळीत वाटेल.

नकाशे देखणे आहेत, पण त्यांवर खोल्यांचे क्रमांक छापलेले, त्यामुळे खेळाडूंसमोर तसेच ठेवता येत नाहीत. मी चौकटीच्या वहीत हाताने काढते.

खर्चाचं बोलायचं तर परदेशातली छापील किंमत ४९.९५ डॉलर, म्हणजे आपल्याकडे एकट्याने घ्यायला जड. आम्ही वर्गणी काढून घेतलं. ऑनलाइन विक्रेत्याने एक कोपरा दुमडलेली प्रत पाठवली होती, पण बदलून दिली. नियमांसाठी लगेच वेगळे पैसे घालू नका. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत उपलब्ध आहेत, सुरुवातीला तेवढे पुरतात. मात्र साहसांत येणारे बरेच प्राणी नुसत्या नावाने दिलेले आहेत, त्यांची आकडेवारी ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये बघावी लागते, तेवढं एक कुणाकडून तरी मिळवून ठेवा. २०२४ चे सुधारित नियम वापरणाऱ्यांनाही हे पुस्तक चालतं. आमच्यातल्या दोघी नव्या नियमांची कॅरेक्टर्स घेऊन बसतात आणि खेळ कुठे अडलेला नाही.