कासचा सडा आणि पवनेचं पात्र

ऑगस्टात साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलात तर फुलांखालची माती बघा. जांभ्यावर जेमतेम बोटभर थर, तोही पाण्याने थबथबलेला. नत्र (नायट्रोजन) पावसाने धुऊन नेलेलं आणि स्फुरद (फॉस्फरस) जांभ्यातल्या लोहाने धरून ठेवलेलं. शेतकऱ्याने नाक मुरडावं अशी ही जमीन! पण तिथेच दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती आपल्या चिकट थेंबांवर किडे पकडून नत्राची तूट भरून काढते. ‘सीतेची आसवं’ या वनस्पतीची तर आणखी गंमत: वर निळीजांभळी नाजूक फुलं आणि खाली चिखलात सूक्ष्म जीव ओढून घेणाऱ्या बारीक पिशव्या. उपासमारीमुळे इथे कुणी एक वनस्पती दांडगाई करू शकत नाही, म्हणून सगळ्यांना जागा मिळते.

पिंपरी-चिंचवडमधून वाहणाऱ्या पवनेत नेमकं उलटं चित्र. सांडपाण्यातून नत्र-स्फुरदाची रोजची पंगत, आणि पानावर बसलेली एकटी जलपर्णी. तिला मातीची गरजच नाही, कारण लोंबणारी मुळं थेट पाण्यातून जेवतात. पाणी गरीब असेल तर हीच मुळं लांब वाढतात, श्रीमंत असेल तर आखूड राहतात आणि सगळा जोर पानांकडे जातो. खाली उजेड नाही, प्राणवायू नाही.

नदीतून जलपर्णी काढून काठावरच कुजत ठेवली, की तिचं खत पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात. आणि कासवर कुणी प्रेमाने युरिया टाकलाच, तर उंच गवत माजेल आणि दवबिंदू त्याखाली गुदमरेल.