लेकराच्या लघवीच्या ऑपरेशनआधी डॉक्टरची डिग्री तपासा

माझ्या मुलाला जन्मापासून हायपोस्पेडियास आहे. म्हणजे लघवीचं छिद्र टोकाला नाही, खालच्या बाजूला आहे. धार पायावर येते. हा दोष फार दुर्मिळ नाही आणि जाणत्या हाती पडला तर नीट होतो. साधारण 6 ते 18 महिन्यांच्या वयात ऑपरेशन करतात.

आमच्या घाटंजी तालुक्यात बाजाराच्या दिवशी मंगल कार्यालयात शिबिर लागलं. बॅनरवर मोठ्या अक्षरात ‘लहान मुलांचे मूत्ररोगतज्ज्ञ, नागपूर’. डिग्री कुठली, नोंदणी क्रमांक काय, काहीच नाही. सोबतचा दलाल आपल्याच भागातला, गोड बोलणारा. ‘भाऊ, नागपूरले कायले मरता? तिथं तारीख भेटत नाही. साहेब इथंच करून देतात, दहा मिनिटाचं काम हाय.’ कापूस नुकताच विकला होता. त्यातले 40 हजार रोख घेतले. एका छोट्या दवाखान्यात ऑपरेशन केलं आणि संध्याकाळी घरी पाठवलं. पावती नाही, डिस्चार्ज कार्ड नाही. हातात एक कोरा कागद, त्यावर दोन औषधं आणि ‘छोटे ऑपरेशन’ एवढंच.

पट्टी निघाली तर धार होती तिथूनच येत होती. फक्त पुढची कातडी कापली होती. सुंता केली होती! दलाल म्हणे, वय वाढलं की होईल नीट. मग त्याचा फोनच बंद.

नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, ‘ही कातडी कोणी काढली?’ हायपोस्पेडियास असलेल्या मुलाची सुंता करायचीच नसते, कारण नवी नळी आणि वरचं आवरण करायला तीच कातडी कामी येते. आता गालाच्या आतलं अस्तर घेऊन दोन टप्प्यांत करावं लागेल म्हणाले. ज्या कातडीवर लेकराचा इलाज होणार होता तीच या माणसाने कापून फेकली, आणि वर पैसे घेतले. याचा संताप जात नाही.

त्या शिबिरवाल्या डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत शोधलं. एमबीबीएस, पुढे काही नाही. ही नोंदणी मोबाइलवर कोणालाही पाहता येते. लहान मुलांच्या या कामासाठी पेडियाट्रिक सर्जरीत, म्हणजे लहान मुलांच्या शस्त्रक्रियेत, एमसीएच किंवा डीएनबी ही पुढची डिग्री घेतलेला डॉक्टर पाहा. युरोलॉजीवाला (मूत्ररोगाचा डॉक्टर) असेल तर लहान मुलांची अशी ऑपरेशनं नेहमी करतो का, ते तोंडावर विचारा. नंतर लघवी दुसऱ्याच छिद्रातून गळू लागली तर कोण पाहणार, हेही विचारा. हे चांगल्या डॉक्टरच्या हातूनही होऊ शकतं, आणि चांगला डॉक्टर ते आधीच सांगतो. अंगणवाडीत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक पुढे जिल्ह्याला पाठवतं, त्यांना लेकरू दाखवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आम्ही पोलिसात आणि कौन्सिलकडे तक्रार दिली आहे. आपल्या भागात आणखी कोणाजवळ ‘छोटे ऑपरेशन’ लिहिलेला असा कागद असेल तर फेकू नका, तक्रारीला तोच पुरावा लागतो.