लीकचे बी: भाद्रपदात ट्रेमध्ये की कार्तिकात थेट कुंडीत?

लीक हे कांद्याच्याच कुळातले पीक असले तरी त्याला कांद्यासारखा गड्डा धरत नाही. खायचा असतो तो जमिनीलगतचा पांढरा, जाड, पानांच्या घट्ट वेटोळ्यांचा दांडा. हा दांडा भरायला फार वेळ लागतो आणि त्या काळात हवा थंड, निदान सौम्य लागते. ठाणे-नवी मुंबईत अशी हवा नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत, म्हणजे जेमतेम साडेतीन महिने मिळते. त्यामुळे येथे बी पेरण्याची तारीख आणि पेरण्याची पद्धत हे दोन प्रश्न वेगवेगळे राहत नाहीत. एक ठरला की दुसरा आपोआप ठरतो.

परदेशी बियाण्याच्या पाकिटावर बहुधा फेब्रुवारी-मार्च हे पेरणीचे महिने छापलेले असतात. ते युरोपातल्या उन्हाळ्यासाठी आहेत. मी स्वतः पहिल्या वर्षी तेच प्रमाण मानून फेब्रुवारीअखेर बी पेरले. एप्रिलमध्ये दोऱ्याएवढ्या रोपांचे शेंडे करपले आणि जी उरली ती जूनच्या पहिल्या पावसात कुजली. त्याऐवजी आपल्याकडच्या रांगडा (खरीप आणि रब्बीच्या मधल्या हंगामातल्या) कांद्याचे वेळापत्रक डोळ्यांपुढे ठेवावे: रोपे पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि लावणी पाऊस सरल्यावर. लीकची लावणी त्याहून थोडी पुढे सरकते, एवढाच फरक.

पहिला पर्याय असा, की अनंत चतुर्दशीच्या आसपास, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला, बी ट्रेमध्ये किंवा पसरट कुंडीत टाकावे आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पेन्सिलीएवढी झालेली रोपे खोल कुंडीत लावावीत. दुसरा पर्याय असा, की ऑक्टोबरचा उष्मा ओसरू द्यावा आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बी थेट मोठ्या कुंडीत पेरून तेथेच विरळणी करावी. पहिल्यात फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीस अंगठ्याएवढे दांडे मिळण्याची आशा धरता येते. दुसऱ्यात तोवर बोटाएवढेच मिळतात, कारण बी रुजून रोप पेन्सिलीएवढे होण्यातच आठ ते दहा आठवडे जातात आणि थंडीचा निम्म्याहून अधिक भाग त्यात संपतो. ऑगस्टमध्येच पेरून आणखी आघाडी घ्यावी असा मोह होतो खरा. परंतु त्या ढगाळ, दमट दिवसांत रोपे उजेडासाठी लांबतात आणि बुडाशी कुजून कोलमडतात, म्हणून त्या पर्यायाचा विचार मी सोडून दिला आहे.

सप्टेंबरच्या पेरणीतला कठीण भाग उगवणीचा आहे. लीकचे बी २० ते २५ अंश तापमानात चांगले रुजते. ३० अंशांच्या पुढे उगवण घटते आणि रेंगाळते. म्हणून ट्रे सुरुवातीला गच्चीवर किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये न ठेवता घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, शक्य असेल तर माठाशेजारी, वर ओले गोणपाट टाकून ठेवावा. आठ ते चौदा दिवसांत वाकलेल्या सुईसारखे कोंब दिसू लागले, की त्याच दिवशी गोणपाट काढून ट्रे भरपूर उजेडात, पण पावसाचा मारा लागणार नाही असा ठेवावा. एक दिवस उशीर झाला तरी कोंब पांढुरके आणि लुळे पडतात. माध्यम म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेले गांडूळखत निम्मे-निम्मे पुरते. बी अर्धा ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. रोपे फारच लांबली तर शेंडे कात्रीने छाटावेत, कांद्याच्या रोपांची पात छाटतात तसे.

लावणीची रीत हेच ट्रेच्या पर्यायाचे खरे बलस्थान आहे. बांबूच्या काठीने १२ ते १५ सेंटिमीटर खोल भोक पाडावे, त्यात रोप शेंड्याचा थोडा भाग वर राहील असे सोडावे आणि माती न लोटता फक्त पाणी ओतावे. भोक पुढच्या पाण्यांबरोबर आपोआप भरत जाते आणि अंधारात राहिलेला दांडा लांब व पांढरा होतो. थेट पेरणीत हे जमत नाही. तेथे कुंडी दोनतृतीयांशच भरून ठेवावी लागते आणि रोपे वाढतील तशी मातीची भर द्यावी लागते. त्यात माती पानांच्या बेचक्यांत शिरते व धुताना त्रास होतो. दोन्ही पर्यायांत ३० सेंटिमीटर खोल कुंडी आणि दोन रोपांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर लागतेच.

थेट पेरणीची बाजूही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ऑक्टोबरच्या उन्हात लहान खणांचा ट्रे एका दिवसात कोरडा पडतो. दिवाळीत आठवडाभर गावी जाणाऱ्या कुटुंबाने शेजाऱ्यांची सोय केली नसेल तर दीड महिन्याची मेहनत परत येईपर्यंत वाळलेली असते. अशांनी गावाहून परतल्यावर मोठ्या कुंडीत पेरावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ज्यांना लीक केवळ सूपमध्ये किंवा कांद्याच्या पातीसारखे भाजीत चिरून घालायचे आहे, त्यांना बोटाएवढे कोवळे दांडे पुरतात, आणि विरळणीत उपटलेली रोपेही वाया जात नाहीत.

कोणताही पर्याय निवडला तरी गॅलरीची दिशा आधी पाहावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दक्षिणाभिमुख गॅलरीत ऊन आतपर्यंत येते. उत्तरेच्या गॅलरीत ते थेट येतच नाही, आणि तेथे दोन्ही पद्धती सारख्याच अपयशी ठरतात. मार्चमध्ये पारा चढला की दांडा भरणे थांबते आणि फुलकिडे वाढतात, तेव्हा जाडीची वाट न पाहता काढणी उरकावी.

बी मात्र ताजेच घ्यावे. कांदावर्गीय बियांची उगवणक्षमता वर्ष-दोन वर्षांत झपाट्याने घटते आणि खाडीकाठच्या दमट हवेत ती त्याहून लवकर जाते, म्हणून उरलेले पाकीट हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे. घरचे बी धरण्याची सोयही येथे नाही. लीकला फुलोरा येण्यासाठी बरीच थंडी सोसावी लागते आणि तेवढी थंडी आपल्याकडे पडत नाही.